औषध बदलण्याआधी पेटी मोजा: सापांच्या उलटणाऱ्या श्वसनविकाराविषयी

जालन्याहून एका सर्पपालकांनी विचारले आहे: “माझ्याकडे चार वर्षांची बॉल पायथन मादी आहे, वजन १४०० ग्रॅम. दिवाळीनंतर तिला पहिल्यांदा घरघर सुरू झाली. दवाखान्यात पाच दिवस एन्रोफ्लोक्सॅसिनची इंजेक्शने दिली आणि ती बरी झाली. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा तेच झाले, पुन्हा पाच दिवस इंजेक्शने दिली. आता पहिला पाऊस पडून आठवडा झाला नाही तोच तिसऱ्यांदा तोंडाशी फेस दिसतो आहे. याहून जास्त ताकदीचे औषध कोणते? की हा आजार तिच्या प्रकृतीतच आहे?”

तुमच्या प्रश्नात औषधाच्या नावापेक्षा तारखा महत्त्वाच्या आहेत आणि त्या तुम्ही नीट लिहून ठेवल्या, याचा मला फार उपयोग झाला. दिवाळीनंतर आपल्याकडे रात्रीचा पारा उतरू लागतो. संक्रांतीच्या सुमारास परभणी-जालन्याच्या पट्ट्यात तो दहा अंशांच्या आसपास आणि एखाद्या रात्री त्याहूनही खाली जातो. मृगाचा पहिला पाऊस पडला, की चाळिशीला टेकलेले तापमान एका संध्याकाळीत झपाट्याने घसरते. म्हणजे तिन्ही वेळा आजाराने डोके वर काढले ते थंडाव्याच्या मागोमाग. जून महिना तर आपल्याकडे विशेष फसवा आहे. एप्रिलमध्ये “एवढ्या उन्हात हीट मॅट कशाला” म्हणून पेटीखालची ही विजेवर तापणारी चटई बंद केली जाते, आणि पाऊस पडल्यावर ती पुन्हा लावायची आठवण कोणालाच राहत नाही. तुमच्याकडे असे झाले आहे का, हे सर्वांत आधी तपासा.

हा आजार प्रकृतीतला आहे असे मला वाटत नाही, आणि हे तीन वेगळे आजार आहेत असेही वाटत नाही. बहुधा हा एकच संसर्ग आहे. तो पाच-पाच दिवसांच्या औषधाने दबला, पण कधीच पूर्ण गेला नाही. दुसरी शक्यता विषाणूची आहे, आणि तिच्याविषयी पुढे लिहिते. दोन्ही शक्यतांमध्ये “अजून कडक” औषध हे उत्तर नाही.

पाच दिवस का पुरत नाहीत, हे समजण्यासाठी सापाच्या फुप्फुसाची रचना डोळ्यांसमोर आणावी लागेल. आपल्या छातीत आणि पोटात जो पडदा असतो तो सापाला नसतो. तो बरगड्यांमधल्या स्नायूंच्या जोरावर श्वास घेतो. त्यामुळे त्याला खोकता येत नाही, आणि साचलेला स्राव झटक्यासरशी बाहेर टाकण्याची सोयच त्याच्याकडे नाही. बहुतेक सापांचे डावे फुप्फुस नावापुरतेच उरलेले असते. अजगर (बॉल पायथन त्यांतलीच) आणि बोआ यांच्या कुळांत तेही काम करते, पण ते उजव्याहून लहान असते. या लांबलचक फुप्फुसाचा पुढचा भाग जाळीदार आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो, तर मागचा भाग फुग्यासारख्या पातळ पिशवीचा असतो आणि त्याला रक्तपुरवठा अगदी कमी असतो. स्राव मागे उतरून या पिशवीत साचतो, आणि रक्तातून जाणारे औषध नेमके तिथेच कमी पोहोचते. त्यातच सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो. तो खव्यासारखा घट्ट असतो, वाहून जात नाही आणि औषधाला आत शिरू देत नाही. पाचव्या दिवशी घरघर थांबते ती श्वासनलिकेतला ओलावा कमी झाल्यामुळे. मागच्या पिशवीतला गोळा तसाच राहिलेला असू शकतो.

हे मी पुस्तकातून आधी वाचले आणि नंतर हातांनी पाहिले. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत नांदेडहून एक साप येत असे. मी त्याला तीन वेळा औषध दिले, मधल्या वेळी ते बदलले, पण तपासणीसाठी नमुना एकदाही घेतला नाही, कारण दर वेळी तो सुधारत होता. चौथ्या वेळी तो दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच दगावला. शवविच्छेदनात पुढचे फुप्फुस मला वाटले होते त्यापेक्षा बरेच स्वच्छ निघाले. मागच्या पिशवीत मात्र करंगळीएवढा पिवळट, घट्ट गोळा होता, आणि चिमट्याने उचलला तेव्हा तो अख्खा निघाला. त्यातून स्युडोमोनास हा जंतू वाढला. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी मी जे एन्रोफ्लोक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिले होते, त्याला तो जंतू दाद देत नव्हता. तेव्हापासून, दुसऱ्यांदा उलटलेल्या कोणत्याही सापाला नमुना घेतल्याशिवाय मी औषध सुरू करत नाही. श्वास घेणेच कठीण झालेला साप एवढाच याला अपवाद.

आता साप ज्यात राहतो त्या पेटीकडे वळू. सापाचे शरीर आपल्यासारखी उष्णता निर्माण करत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते, आणि त्याची प्रतिकारशक्तीही त्या उष्णतेवरच चालते. आजारी साप संधी मिळाली तर मुद्दाम जास्त उबेच्या जागी जाऊन पडतो. आपण अंगात ताप आणतो, तसा तो ताप बाहेरून आणतो. ही जागाच त्याला मिळाली नाही, तर औषध एकटे पडते. बॉल पायथनसाठी पेटीचे गरम टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोक २५ ते २७ आणि रात्रीचे किमान तापमान २४ असावे. आजारपणात मी थंड टोकही २७-२८ पर्यंत आणायला सांगते आणि रात्रीची घट पूर्ण बंद करायला सांगते. मात्र दोन टोकांमधला फरक पुसू नये, कारण जास्त झालेल्या उष्णतेपासून दूर जाण्याची वाटही सापाला हवी असते.

“माझ्याकडे ३२ आहे,” असे जवळजवळ प्रत्येक पालक सांगतो, आणि ते खोटे नसते. पण ते संध्याकाळी सात वाजता, काचेवर चिकटवलेल्या मापकाने घेतलेले असते. लातूरच्या एका घरातली बॉल पायथन एका हिवाळ्यात दोनदा माझ्याकडे आली. तिथे मी एवढेच सांगितले की पहाटे पाच वाजता उठा, आणि साप ज्या जागी वेटोळे घालून बसतो त्या जागेच्या पृष्ठभागावर प्रोबचे, म्हणजे तापमापकाच्या वायरचे, टोक ठेवून आकडा मला कळवा. आकडा आला २१. खाली मॅट चालू होती, पण तिच्यावर चार इंच कोकोपीट पसरलेले होते, त्यामुळे ऊब वर येतच नव्हती. मॅटचे तापमान ठराविक ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटचा प्रोब हवेत लोंबकळत होता, आणि पहाटे दीड-दोन तास वीजही जात होती. आम्ही कोकोपीट काढून वर्तमानपत्र अंथरले, प्रोब मॅटच्या अगदी वर पृष्ठभागाला चिकटवला, पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावले आणि मॅटची वायर घरातल्या इन्व्हर्टरच्या सर्किटवर घेतली. मॅट वीस-पंचवीस वॉटचीच असते, इन्व्हर्टरला तिचे ओझे होत नाही. औषध पूर्वीचेच ठेवले, फक्त या वेळी ते पूर्ण मुदतीचे दिले. पुढच्या दोन हिवाळ्यांत तो साप माझ्याकडे आला तो फक्त वजन करून घ्यायला.

थर्मोस्टॅटशिवाय मॅट कधीही लावू नका. सापाला पोटाखालचा चटका लवकर जाणवत नाही, आणि भाजलेल्या कातडीतून नवा संसर्ग शिरतो.

तेव्हा पुढचे सात दिवस पहाटे पाच, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन वेळांना दोन्ही टोकांचे तापमान आणि आर्द्रता भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवा. तुम्ही माझ्याकडे या किंवा दुसऱ्या कोणाकडे जा, हे पान सोबत असू द्या. रक्ततपासणीच्या अहवालाइतकेच मी ते बारकाईने वाचते.

आर्द्रतेविषयी आपल्याकडे दोन्ही टोकांच्या चुका होतात. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते आणि कात टाकताना थोडी जास्त. मे महिन्याच्या दुपारी आपल्या खोल्यांतली हवा इतकी कोरडी असते की श्वासमार्गाचे अस्तर सुकते. मग पालक घाबरून दिवसातून चार वेळा फवारा मारतात, झाकणावर ओले फडके टाकतात, आणि पेटी बाथरूमसारखी कोंदट होते. अंथरूण ओले आणि हवा खेळती नाही, अशा जागी जंतू माजतात. पेटीतली हवा दमट असावी, पण जमीन कोरडी असावी. पाण्याचे मोठे भांडे गरम टोकाच्या जवळ सरकवले, तर बहुतेक वेळा फवाऱ्याची गरजच राहत नाही. पावसाळा लागला की फवारा बंद करा. आणि कूलर ज्या खोलीत आहे त्या खोलीत पेटी ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओला, गार झोत माणसाला सुखाचा वाटतो, पण तोच झोत दुपारभर पेटीवर राहिला तर मॅटची सगळी मेहनत वाया जाते.

धुराविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण आपल्या घरांत तो इतका नित्याचा असतो की पालकांना तो सांगण्यासारखा वाटतच नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका घरात साप दर वर्षी नवरात्रातच आजारी पडत असे. पेटी देवघराला लागून होती. घट बसले की नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ ऊद आणि धूप चाले, आणि खिडकी बंद असे. पेटी दुसऱ्या खोलीत नेली आणि त्या वर्षी नवरात्र साप आजारी न पडता पार पडले. अगरबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका, भिंतींचा ताजा रंग, फरशीवरचे फिनाईल या सगळ्यांनी श्वासमार्गाच्या अस्तराला इजा होते आणि जंतूंना वाट मिळते. लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा अंथरणारे पालकही भेटतात. त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाते, म्हणून तो वापरूच नये. आजारपणात साधे वर्तमानपत्र सर्वांत चांगले. ते रोज बदलता येते आणि त्याच्यावर स्रावाचा डागही दिसतो.

आता तपासणी. घरघर म्हणजे प्रत्येक वेळी संसर्ग नसतो. कातीचा तुकडा नाकपुडीत अडकला तरी शिट्टीसारखा आवाज येतो. कात टाकण्याच्या आधीच्या दिवसांतही काही साप असा आवाज काढतात आणि कात निघाली की तो थांबतो. पण तुम्ही फेस लिहिला आहे, त्यामुळे तुमच्याकडे ही शंका राहत नाही. दवाखान्यात मी स्टेथोस्कोप आणि खवले यांच्यामध्ये ओले मऊ फडके ठेवून ऐकते, नाहीतर खवल्यांच्या घासण्याचाच आवाज कानांत भरतो. मग बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने तोंड हळूच उघडते. सापाचे श्वासद्वार जिभेच्या मागे, जबड्याच्या तळाशी पुढच्या बाजूला असते आणि ते उघडताना-मिटताना स्पष्ट दिसते. निरोगी सापाच्या तोंडाचे अस्तर फिकट गुलाबी आणि नुसते ओलसर असते. आजारी सापात दर श्वासाला त्या द्वारावर बुडबुडा उभा राहतो आणि फुटतो, आणि जबडे उघडताना वरच्या टाळूपासून खालच्या हिरडीपर्यंत चिकट तार ताणली जाते. हे तुम्हाला घरी पाहायचे असेल तर जबरदस्तीने तोंड उघडू नका. साप जांभई देतो किंवा मान उंच करून तोंड उघडे ठेवतो, तेव्हा मोबाइलवर चित्रफीत घ्या. तो मान वर करून बसत असेल तर त्याला तसेच बसू द्या, कारण श्वास घेणे सोपे व्हावे म्हणून तो तसा बसतो.

नमुना श्वासनलिकेतून घ्यायचा असतो. साप शुद्धीत असताना किंवा हलक्या भुलेखाली बारीक निर्जंतुक नळी श्वासद्वारातून आत घालतात, थोडे सलाइन सोडतात, शरीर हळूच हलवतात आणि ते परत ओढून घेतात. हे पशुवैद्यानेच करायचे काम आहे. नुसत्या तोंडातल्या बोळ्यावर भरवसा ठेवू नये, कारण निरोगी सापाच्या तोंडातही हे जंतू राहतात आणि अहवाल दिशाभूल करतो. अँटिबायोटिक चालू असताना घेतलेला नमुना अनेकदा कोरा येतो, म्हणून शक्य असेल तर चार-पाच दिवसांचा खंड पडू देऊन तो घ्यावा. तुमच्याकडे सध्या औषध चालू नाही, तेव्हा हीच वेळ योग्य आहे. त्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की फुप्फुसातल्या जंतांची अंडी किंवा अळ्याही दिसू शकतात. बाकीचे कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीसाठी, म्हणजे जंतू वाढवून त्याला कोणते औषध लागू पडते ते पाहण्यासाठी, पाठवावे. परभणी आणि उदगीर इथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. माणसांच्या मोठ्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळाही आधी बोलून घेतले तर असे नमुने स्वीकारतात, कारण जंतू वाढवण्याची पद्धत तीच असते. सोबत क्ष-किरण चित्रही काढता आले तर साप नैसर्गिकपणे पोटावर असताना आडव्या किरणाने काढावे, म्हणजे पिशवीत साचलेल्या द्रवाची पातळी दिसते.

अहवाल येईपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर माझी पहिली निवड बहुधा सेफ्टाझिडिम असते, कारण सापांच्या श्वासमार्गात सापडणारे स्युडोमोनास, क्लेबसिएला यांसारखे ग्राम-निगेटिव्ह जंतू त्याच्या टप्प्यात येतात. मात्रा किलोला २० मिलिग्रॅम आणि दर ७२ तासांनी. १४०० ग्रॅमच्या सापाला ती २८ मिलिग्रॅम होते. हे आकडे मी तुमच्या पशुवैद्यांशी बोलता यावे म्हणून दिले आहेत, घरच्या घरी टोचण्यासाठी नव्हे. तीन दिवसांचे अंतर पाहून अनेकांना वाटते की डॉक्टर विसरले. पण सापाच्या शरीरातून औषध फार हळू बाहेर पडते, म्हणून एवढे अंतर ठेवावे लागते. हे अंतर साप ३० अंशांच्या आसपास ठेवलेला आहे असे धरूनच ठरवलेले आहे. पेटी २१ अंशांवर गेली तर औषधाचा हिशेबही कोलमडतो, कारण शोषण, वितरण आणि उत्सर्जन या तिन्हींचा वेग बदलतो. मुदत सहसा तीन ते चार आठवड्यांची, म्हणजे सात ते दहा इंजेक्शनांची असते. जुनाट संसर्गात ती आणखी लांबते. विरघळवलेले सेफ्टाझिडिम फार दिवस टिकत नाही, म्हणून एकेका मात्रेच्या सिरिंज भरून गोठवून ठेवतात, आणि हातांच्या उबेत वितळवून ती मात्रा लगेच देतात. एकदा वितळलेली मात्रा पुन्हा गोठवू नये. लांबलेल्या भारनियमनात फ्रीझरमधल्या सिरिंज वितळल्या असतील, तर त्या टाकून द्या आणि नव्या मागा.

एन्रोफ्लोक्सॅसिन वाईट औषध नाही, पण ते टोचल्यावर आग होते. गुरांसाठी असलेले दहा टक्क्यांचे तीव्र इंजेक्शन सापाला तसेच दिले तर ती जागा काळी पडून झडते. तुमच्या सापाच्या पाठीवर असे डाग आहेत का, ते पाहा. अमिकॅसिन उपयोगी आहे, पण मूत्रपिंडावर भार टाकते. सापाच्या अंगात पुरेसे पाणी असल्याशिवाय ते देऊ नये, आणि त्याची मात्रा अंदाजाने तर कधीच ठरवू नये. मूत्रपिंडांचा विचार करूनच आम्ही सापाला इंजेक्शन शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात देतो. आणि एक विनंती अगदी कळकळीने करते: सापाला लवकर आराम पडावा म्हणून इंजेक्शनात डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड मिसळले जात असेल, तर ते नको म्हणून स्पष्ट सांगा. त्याने दोन दिवस साप तरतरीत दिसतो, पण ज्या प्रतिकारशक्तीवर आपली सगळी भिस्त आहे तीच खाली बसते.

नेब्युलायझरचा मला फार चांगला अनुभव आहे, कारण त्याचे कण रक्ताच्या वाटेने न जाता थेट श्वासमार्गात पोहोचतात आणि घट्ट स्रावाला ओलावा देतात. दम्याच्या मुलांसाठी घरोघरी असते तेच कॉम्प्रेसरचे यंत्र चालते. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला नळीएवढे एक भोक आणि समोरच्या बाजूला हवा जायला दुसरे भोक पाडायचे, साप आत ठेवायचा आणि साध्या सलाइनचे धुके पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोनदा द्यायचे. त्यात औषध घालायचे असेल तर कोणते आणि किती, ते पशुवैद्य सांगतील. डबा उबदार खोलीत ठेवा, कारण हे धुके गार असते. मात्र वाफारा देऊ नका. भांड्यात उकळते पाणी, त्यात निलगिरीचे तेल किंवा कापूर, आणि वर सापाची टोपली असा प्रकार माझ्याकडे आलेल्या दोन घरांत प्रेमापोटीच झाला होता. त्यात सापाचा श्वासमार्ग भाजतो.

उपचार चालू असताना खाणे बंद ठेवा. श्वास घेताना दमणाऱ्या सापाने भक्ष्य गिळले तर ते उलटून पडण्याची आणि श्वासमार्गात जाण्याची भीती असते. प्रौढ बॉल पायथन काही आठवडे न खाता राहिली म्हणून तिचे काही बिघडत नाही. जबरदस्तीने भरवणे मात्र जिवावर बेतते. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्यासारख्या काट्यावर, पण त्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या, वजन करा. १४०० ग्रॅमवरून ती १२६० च्या खाली गेली तर वाट न पाहता कळवा. लक्षणे जाऊन दहा-बारा दिवस झाल्यावर नेहमीच्या निम्म्या आकाराचा, पूर्ण वितळलेला आणि कोमट केलेला उंदीर द्या.

आता विषाणूंकडे येऊ. पूर्ण मुदतीचे योग्य औषध, बिनचूक तापमान आणि तरीही आजार उलटला, तर मी याच दिशेने पाहते. २०१४ मध्ये बॉल पायथनच्या श्वसनविकारात निडोव्हायरस पहिल्यांदा वर्णिला गेला. आज त्याला सर्पेंटोव्हायरस असेही म्हणतात. कोरोना ज्या गणात मोडतो त्याच गणातला, पण वेगळा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा हा विषाणू आहे. तोंडात सतत चिकट स्राव राहणे आणि अँटिबायोटिकने तात्पुरतेच बरे वाटणे हे त्याचे नेहमीचे चित्र आहे, कारण अँटिबायोटिक मागाहून शिरलेल्या जंतूंना मारते, विषाणूला नाही. फेरलाव्हायरस आणि बोआ-अजगरांतला रेप्टारेनाव्हायरस हे आणखी दोन. दुसऱ्यात पुढे मान वाकडी होणे, तोल जाणे अशी मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात. निदान तोंडाच्या आणि श्वासनलिकेच्या नमुन्याच्या पीसीआरने होते. यांवर आज औषध नाही. निडोव्हायरस असलेला साप चांगल्या निगेत पुष्कळ काळ काढू शकतो, पण तो आयुष्यभर वेगळा ठेवावा लागतो, त्याच्यापासून पिल्ले घेऊ नयेत आणि तो विकू किंवा भेट देऊ नये. हे ऐकायला कठीण असते, पण एका पालकाने ते लपवले तर चार घरांतले साप जातात.

तुमच्याकडे दुसरा साप असेल तर आजच वेगळ्या खोलीत हलवा, पाण्याचे भांडे आणि हुक वेगळे ठेवा, आणि निरोगी सापाचे काम आधी, आजारी सापाचे नंतर करा. नवा साप घरात आणला तर किमान तीन महिने वेगळा ठेवावा, आणि अजगर-कुळातला असेल तर मी सहा महिने सांगते. खवल्यांच्या फटींत किंवा पाण्याच्या भांड्यात खसखशीएवढे काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट आहेत. गोचिडीच्याच जातकुळीतले हे किडे रक्त पिऊन सापाला अशक्त करतात आणि जंतू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात. त्यांच्यावर गुरांचे गोचीड-औषध फवारू नका. स्राव हाताळल्यावर हात साबणाने धुवा. सापांच्या अंगावर साल्मोनेला असतो, आणि घरात लहान मूल किंवा वृद्ध असतील तर ही काळजी दुप्पट घ्या.

कायद्याचेही थोडक्यात सांगते, कारण दर महिन्याला कोणीतरी धामण, मांडूळ किंवा आपल्या रानातला अजगर घेऊन उपचार विचारतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आपले देशी साप घरी पाळता येत नाहीत, मग ते प्रेमाने वाढवले असले तरी. असा साप आजारी किंवा जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, त्याचा उपचार त्यांच्यामार्फतच होतो. बॉल पायथन विदेशी आहे, पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स यादीत असल्यामुळे याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार तिची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती राहिली असेल तर करून घ्या, म्हणजे उघडपणे दवाखान्यात येताना कोणतीही धास्ती राहणार नाही. लपवत राहिल्यामुळे उशिरा आलेले साप मी पाहिले आहेत.

तुमच्या सापाला या आठवड्यातच दाखवावे. तोंड सतत उघडे राहत असेल, अस्तर निळसर किंवा राखाडी दिसत असेल, तर उद्याच निघा आणि तापमानाच्या नोंदींसाठी थांबू नका. नेताना तिला स्वच्छ उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याला सैल गाठ मारा, आणि अभ्रा थर्माकोलच्या पेटीत ठेवून झाकणाला दोन भोके पाडा. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पेटीच्या एका कडेला ठेवा, म्हणजे नको वाटल्यास ती दुसऱ्या कडेला सरकू शकेल. गाडीत एसी लावू नका, आणि ऊन चढण्याआधी पोहोचा. सोबत आधीच्या दोन्ही वेळच्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या किंवा चिठ्ठी, शेवटच्या खाण्याची आणि कात टाकल्याची तारीख, आणि जमल्या तेवढ्या पहाटेच्या नोंदी आणा.